रेडिओच्या गायकाचे गीत

नवे यंत्र घरात आले, की जुने अडगळीत जाते. यंत्राला त्याचे दुःख नसते. परंतु त्या यंत्राच्या आधाराने ज्यांची कला बहरली, त्या माणसांचे पुढे काय होते? या प्रश्नातून इंग्लंडमध्ये एक गीत जन्मास आले.

ट्रेव्हर हॉर्न व जेफ डाउन्स या दोन तरुण संगीतकारांच्या जोडीचे नाव 'द बगल्स' असे होते. हॉर्नचा जन्म १९४९ सालचा. त्याच्या बालपणी रेडिओची मोठी चलती होती. गाणारा दिसत नसे. केवळ त्याचा आवाज ऐकू येई. त्याचे रूप ज्याने त्याने आपल्या मनाशी कल्पावे! पुढे दूरचित्रवाणी आली आणि आवाजाइतकेच रूपालाही महत्त्व आले.

अशातच जे. जी. बॅलर्ड या लेखकाची १९६० साली प्रसिद्ध झालेली एक कथा हॉर्नच्या वाचनात आली. ती भविष्यकाळातील आहे. कानांना ऐकू न येणारे एक नवे संगीत निघाल्यामुळे एका थोर गायिकेला कोणी विचारीनासे होते. भिंतींत मुरलेले जुने ध्वनी यंत्राने झाडून काढणारा एक मुका तरुण मात्र तिच्या गाण्याचा भक्त असतो. ही कथा हॉर्नच्या मनात घर करून राहिली. त्याने डाउन्स व ब्रूस वुली यांच्यासह गीत रचले : 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'. चित्राने रेडिओच्या गायकाचा बळी घेतला, असा या नावाचा आशय आहे.

ध्वनिमुद्रणासाठी ही जोडी कित्येक आठवडे खपली. जुन्या रेडिओतून यावा तसा हॉर्नचा आवाज मुद्दाम करण्यात आला. साथीला मात्र अगदी नवी विद्युत्-वाद्ये होती. सप्टेंबर १९७९ मध्ये ध्वनिमुद्रिका निघाली आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधील लोकप्रिय गीतांत तिने पहिला क्रमांक पटकाविला.

पुढची घटना मोठी नवलाची आहे. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही अहोरात्र गीतांची चित्रे दाखविणारी वाहिनी सुरू झाली. तिने सर्वांत आधी दाखविले, ते हेच गीत! ज्या चित्राविषयी या गीतात खंत होती, त्याच चित्राने त्याला अग्रमान दिला.

रेडिओ काही संपला नाही. आजही तो ऐकला जातो. पण त्याच्या गायकांचे ते वैभव मात्र सरले. नव्याचे स्वागत अवश्य करावे; परंतु ज्यांच्या स्वरांनी एकेकाळी आपली घरे भरली, त्यांना विसरू नये.

प्रश्न
१. बॅलर्डच्या कथेतील गायिकेवर कोणता प्रसंग ओढवला?
२. एमटीव्हीने हे गीत प्रथम दाखविले, यात नवल कोणते?
३. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूविषयी वडीलधाऱ्यांना विचारा व दहा ओळी लिहा.