कमळांची राजधानी : थायलंडच्या उबोन प्रांताचा अभ्यास



थायलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बँकॉकचे सुवर्णविहार उभे राहतात. सहलीच्या कंपन्याही तेवढेच दाखवतात. परंतु एखाद्या देशात धम्म किती खोल रुजला आहे हे पाहायचे असेल, तर राजधानी सोडून खेड्यापाड्यांत गेले पाहिजे. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही ईशान्य थायलंडचा एक ग्रामीण प्रांत निवडला आहे. त्याचे नाव उबोन राचथानी.

हे नाव ऐकायला परके वाटले तरी ते आपल्याच घरचे आहे. 'उबोन' म्हणजे पालीतील 'उप्पल', अर्थात कमळ, आणि 'राचथानी' म्हणजे राजधानी. कमळांची राजधानी! थाई भाषेत असे शेकडो शब्द आहेत. तेथील 'चेदी' हे आपले चेतिय, 'उबोसोत' हे उपोसथागार आणि 'फन्सा' म्हणजे वर्षावास. विहाराला ते 'वाट' म्हणतात. पाली शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रांतातील पाट्या वाचतानाही ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटेल.

प्रांताची ओळख

उबोन बँकॉकपासून सुमारे सहाशे किलोमीटरवर आहे. त्याच्या पूर्वेला लाओस आणि दक्षिणेला कंबोडिया हे देश आहेत. ईशान्य थायलंडच्या या पठाराला 'इसान' म्हणतात. येथील बोली लाओ भाषेला जवळची आहे. लोकांचे मुख्य अन्न चिकट भात आणि नदीतील मासे. भातशेती बहुतांशी पावसावर अवलंबून असल्यामुळे शेतकऱ्याची नजर सदैव आभाळाकडे लागलेली असते. गरिबी व पोटासाठी बँकॉकला जाणारे तरुण ही इसानची जुनी कहाणी आहे. मराठवाडा-विदर्भातील वाचकाला ती वेगळी सांगावी लागणार नाही.

प्रांताची जीवनवाहिनी मून नदी. नाखोन राचसीमा प्रांतातील डोंगरात उगम पावून, सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर वाहत ती येथे मेकाँग या महानदीला मिळते. उबोन शहर मूनच्या उत्तर काठावर आहे आणि समोरच्या काठावर वारिन चाम्राप हे रेल्वे स्थानकाचे गाव.

निसर्गाची लेणी

मून व मेकाँग यांचा संगम खोंग चियाम येथे आहे. मेकाँगचे पाणी गढूळ, मातकट, तर मूनचे निळसर. पाऊस नसताना दोन्ही प्रवाह काही अंतर शेजारीशेजारी वाहतात व मधली रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते. लोक याला 'दोन रंगांची नदी' म्हणतात.

मेकाँगच्याच काठी फो साय तालुक्यात 'साम फान बोक' हे ठिकाण आहे. 'साम फान' म्हणजे तीन हजार आणि 'बोक' म्हणजे खळगा. पावसाळ्यात हा सारा खडक पाण्याखाली असतो. नदी ओसरली की वालुकाश्मात कोरलेले लहानमोठे असंख्य खळगे उघडे पडतात. आपल्याकडे पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. तेथे खडक काळा बेसाल्ट, येथे वालुकाश्म. पण कारागीर एकच. भोवऱ्यात सापडलेले गोटे हजारो वर्षे गरगरत राहतात आणि खडकाला भोक पाडतात. कोणताही देव अगर राक्षस येथे खणायला आला नव्हता. कारण आहे म्हणून कार्य आहे, हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम विद्यार्थ्यांना येथे दगडावर वाचता येतो.

याहून महत्त्वाचे ठिकाण म्हणजे फा तेम. १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या भागात मेकाँगच्या वर उंच कडा आहे. कड्याच्या पोटातील भिंतीवर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या मानवाने तांबड्या रंगात चित्रे काढली आहेत. त्यांत माणसांच्या हातांचे ठसे आहेत, हत्ती आहेत, मेकाँगमधला महाकाय मासा आहे आणि मासे पकडण्याचे बांबूचे सापळेही आहेत. तसलेच सापळे इसानचे कोळी आजवर वापरत आले. म्हणजे भगवान बुद्धांच्याही पूर्वीपासून या नदीने माणसाला पोसले आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

याच उद्यानात 'साओ चालियांग' नावाचे छत्रीसारखे खडक आहेत. खालचा मऊ थर वाऱ्यापावसाने झिजला, वरचा कठीण थर टिकला, आणि ही छत्री उभी राहिली.

विहार, ग्रंथालय आणि बोधगयेची आठवण

उबोन शहरातील 'वाट थुंग सी मुआंग' येथे तळ्याच्या मध्यभागी, लाकडी खांबांवर उभारलेले एक लाकडी घर आहे. हे 'हो त्राय', म्हणजे त्रिपिटकाचे ग्रंथालय. एकोणिसाव्या शतकातील या वास्तूत थाई, लाओ व ब्रह्मी अशा तीन शैली एकत्र आल्या आहेत. पण ती पाण्यात का बांधली? ताडपत्रांवरील ग्रंथांना वाळवी व मुंग्या लागू नयेत म्हणून. ज्या समाजाने मूर्तीइतकीच काळजी पुस्तकाची घेतली, त्या समाजाचे हे स्मारक आहे. आपल्या वस्तीतील विहारात मूर्ती असते. कपाटभर पुस्तके आहेत का, हा प्रश्न प्रत्येक सभासदाने स्वतःला विचारावा.

शहराच्या बाहेरच्या बाजूस 'वाट फ्रा थात नोंग बुआ' आहे. त्याचा चौकोनी, वर निमुळता होत जाणारा मनोरा पाहताच बोधगयेचा महाबोधी विहार आठवतो. कारण तो त्याच नमुन्यावर बांधलेला आहे. बुद्धशासनाच्या २५०० वर्षांच्या स्मरणार्थ १९५७ साली त्याची उभारणी झाली. थाई बौद्ध संवत्सर इसवी सनात ५४३ मिळवून काढतात. म्हणून त्यांचे २५०० वे वर्ष १९५७ मध्ये आले, तर भारतात बुद्धजयंतीचा २५०० वा महोत्सव १९५६ मध्ये झाला. त्याच १९५६ साली १४ ऑक्टोबर रोजी नागपूरला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. एकाच पर्वात उबोनचे लोक बोधगयेची प्रतिकृती बांधत होते आणि बोधगया ज्या भूमीत आहे तेथे हरवलेला धम्म पुन्हा जागा होत होता. ही दोन कामे एकमेकांना ठाऊक नव्हती, पण त्यांचे मूळ एकच होते.

वर्षावासाचा मेणबत्ती उत्सव

आषाढ पौर्णिमेला भगवंतांनी सारनाथ येथे पहिले प्रवचन दिले. थायलंडमध्ये त्या दिवशी 'आसान्ह पूजा' असते व दुसऱ्या दिवशी वर्षावास सुरू होतो. पूर्वी गावकरी भिक्खूंना वर्षावासात वाचनासाठी उजेड असावा म्हणून मेणबत्त्यांचे दान करीत. पुढे लहान मेणबत्त्या एकत्र बांधल्या जाऊ लागल्या, त्यांवर नक्षी आली, आणि त्यातून उबोनचा प्रसिद्ध मेणबत्ती उत्सव घडला. आज मेणात कोरलेल्या जातककथा व बुद्धचरित्रातील प्रसंग प्रचंड रथांवरून मिरवतात. कोणी साच्यातून काढलेले मेणाचे तुकडे चिकटवतो, तर कोणी मेणाच्या ठोकळ्यातच कोरीव काम करतो. एकेका रथासाठी विहाराभोवतीचे गाव अनेक दिवस एकत्र राबते.

आम्हाला येथे दोन्ही बाजू सांगाव्याशा वाटतात. श्रमदानातून गाव एकत्र येते, कला जिवंत राहते, ही चांगली बाजू. परंतु दान मुळात वाचनाच्या उजेडासाठी होते; स्पर्धा आणि दिखाऊपणा वाढला की उजेड मागे पडतो व मेण पुढे येते. आपल्याकडे वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करण्याची प्रथा आहे. ती साधी आहे, पण मूळ हेतूच्या अधिक जवळ आहे. ती सोडू नये.

अरण्यातील आचार्य

उबोनचे खरे वैभव मात्र अरण्यविहारांत आहे. थायलंडच्या अरण्य परंपरेचे थोर आचार्य अजान मून भूरिदत्त यांचा जन्म १८७० साली याच प्रांतातील एका खेड्यात झाला. १८९३ साली उबोन येथेच ते भिक्खू झाले. धुतांग नियम पाळत, झाडाखाली व गुहेत राहत, दिवसातून एकदाच जेवत त्यांनी ध्यानमार्ग पुन्हा उजळला. १९४९ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रभावातील अजान चा यांचा जन्म १७ जून १९१८ रोजी वारिन चाम्रापजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. अनेक वर्षांच्या भ्रमंतीनंतर १९५४ साली गावकऱ्यांच्या विनंतीवरून ते आपल्या गावाजवळच्या हिवतापाने ग्रासलेल्या रानात राहिले. तोच 'वाट नोंग पा फोंग' हा विहार. १९६७ मध्ये सुमेधो नावाचे अमेरिकन भिक्खू त्यांच्याकडे आले आणि १९७५ मध्ये परदेशी भिक्खूंसाठी जवळच 'वाट पा नानाचात' स्थापन झाला. तेथून ही परंपरा इंग्लंडपर्यंत गेली. १६ जानेवारी १९९२ रोजी अजान चा यांचे निधन झाले. आज विहारात त्यांच्या अस्थींचा चेतिय आहे.

एका गरीब खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा जगाचा धम्मगुरू होतो, हे आमच्या तरुणांनी ध्यानात घ्यावे. त्याचबरोबर एक उणीवही सांगितली पाहिजे. अजान चा यांच्या आई याच विहारात पांढऱ्या वस्त्रातील 'मे ची' म्हणून राहिल्या. त्यांना भिक्खुणी होता आले नसते. १९२८ साली थाई संघाने स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई केली. तो आदेश धम्माच्या समतेशी जुळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या देशाकडून शिकायचे, त्याचे दोष पाहण्याचे धैर्यही असावे.

नदीचा प्रश्न

आता फा तेमच्या माशांकडे वळू. १९९०च्या दशकात संगमापासून थोड्याच अंतरावर मून नदीवर पाक मून धरण बांधण्यात आले. ते १९९४ मध्ये पूर्ण झाले. त्याची वीजनिर्मितीची क्षमता १३६ मेगावॉट. मेकाँगमधून अंडी घालण्यासाठी मूनमध्ये चढणाऱ्या माशांची वाट त्याने अडवली. माशांसाठी पायऱ्यांचा मार्ग ठेवला होता, पण तो उपयोगी ठरला नाही. जागतिक धरण आयोगाच्या २००० सालच्या अभ्यासानुसार पूर्वी या खोऱ्यात २६५ जातींचे मासे नोंदलेले होते. धरणाच्या वरच्या भागात नंतर केवळ ९६ आढळले. काठावरील कोळ्यांची उपजीविका गेली. त्यांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. २००१ साली प्रयोग म्हणून दरवाजे उघडले तेव्हा गावकऱ्यांनी स्वतः अभ्यास केला व दीडशेहून अधिक जातींचे मासे परतल्याची नोंद ठेवली. अडाणी समजली गेलेली माणसे आपल्या नदीचे संशोधक झाली. नर्मदेच्या आंदोलनाची माहिती असणाऱ्यांना ही कथा परकी वाटणार नाही. विजेचा दिवा कोठे लागला आणि अंधार कोणाच्या घरी आला, हा प्रश्न करुणेचा आहे, तसाच न्यायाचाही आहे.

दुसरी गोष्ट याहून दुःखद आहे. २०२५ साली थायलंड व कंबोडिया यांच्या सीमेवर सशस्त्र संघर्ष झाला. मे महिन्यातील पहिली चकमक उबोन प्रांताच्याच दक्षिण सीमेवर झाली आणि जुलैमध्ये मोठी लढाई पेटली. दोन्हीकडे माणसे मेली, हजारो कुटुंबे घर सोडून गेली. दोन्हीकडचे लोक बौद्ध. दोन्हीकडे सकाळी तेच त्रिशरण म्हटले जाते.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगताना रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या वादाला महत्त्व दिले. सिद्धार्थाने युद्धाच्या ठरावाला विरोध केला, आणि संघाचा रोष पत्करून घर सोडले. उबोनचा अभ्यास करताना आम्हाला वारंवार रोहिणी आठवली. केवळ बौद्ध म्हणवून घेतल्याने शांती येत नाही. बहुमताच्या विरोधात उभा राहणारा सिद्धार्थ प्रत्येक पिढीत जन्मावा लागतो.

जाणाऱ्यांसाठी सूचना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवामानाच्या दृष्टीने चांगला. साम फान बोक पाहायचे तर पाणी ओसरलेले असावे; मेणबत्ती उत्सवासाठी मात्र आषाढ पौर्णिमेलाच जावे लागेल. विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत, बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये. स्त्रियांनी भिक्खूंच्या हातात थेट वस्तू देऊ नये, अशी तेथील रीत आहे. अरण्यविहार ही सहलीची जागा नव्हे. तेथे मौन राखावे. कंबोडियाच्या सीमेकडील भागात जाण्यापूर्वी परिस्थितीची चौकशी अवश्य करावी.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. 'उबोन राचथानी' या नावातील पाली-संस्कृत शब्द ओळखा. असे आणखी पाच थाई शब्द शोधा.
२. रांजणखळगे कसे तयार होतात? निघोज आणि साम फान बोक यांची तुलना करा.
३. त्रिपिटकाचे ग्रंथालय तळ्यात का बांधले? आपल्या विहारातील पुस्तकांची यादी करा.
४. पाक मूनच्या गावकऱ्यांनी आपला प्रश्न कसा मांडला? रोहिणीच्या प्रसंगाशी त्याचा संबंध सांगा.

शेवटचा प्रश्न आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनीही सोडवावा, एवढीच विनंती.

भवतु सब्ब मंगलं !