न दुखणारी गाठ

मूत्रपिंड प्रत्यारोपणाला वर्ष-दोन वर्षं झालेली असतात, क्रिएटिनिन ठीक असतं, शेतावर जाणंही सुरू झालेलं असतं. अशात पायावर सुपारीएवढी गाठ येते. दुखत नाही, ताप नाही. म्हणून ती दाखवायची राहून जाते. कधीतरी काटा रुतला होता, हे डॉक्टरांनी विचारल्यावर आठवतं.

दुखत नाही म्हणून ती साधी, असं समजू नका. लाली, सूज, पू हे सगळं जंतूंशी लढणाऱ्या पेशींमुळे होतं. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही औषधं त्याच पेशींना आवरून धरतात. मग आत संसर्ग वाढत असला तरी वरून फारसं काही दिसत नाही. मातीत, कुजक्या लाकडात राहणाऱ्या काही बुरशी एरवी माणसाच्या वाटेला क्वचितच जातात. या रुग्णांत मात्र काट्यावाटे शिरून त्वचेखाली गाठ धरतात. कधी अंगावरचा फोड हीच फुफ्फुसात किंवा रक्तात पसरलेल्या संसर्गाची पहिली खूण ठरते. नुसतं पाहून हे ओळखता येत नाही. तुकडा काढून बायॉप्सी आणि कल्चर करावं लागतं. त्याला घाबरू नका.

गजकर्ण, चामखीळ, नागीण हे नेहमीचे त्रासही या रुग्णांना अधिक छळतात. नागिणीवरच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू व्हायला हव्यात; लेप लावण्यात ते दिवस घालवू नका. उशीर झालाच, तरी उपचार टाळू नका.

मेडिकलमधून परस्पर औषध आणणं तर सगळ्यात घातक. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या गोळ्यांनी रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं आणि नव्या मूत्रपिंडालाच इजा होऊ शकते. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज थांबते, बुरशी पसरत राहते. संसर्ग झाला म्हणून प्रत्यारोपणाची औषधं स्वतःहून बंद करणंही तितकंच धोक्याचं.

शेतात, बागेत अनवाणी जाऊ नका, मातीकामाला हातमोजे घाला. काटा रुतला तर जागा साबणाने धुऊन तारीख लिहून ठेवा. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. महिन्यातून एकदा घरच्यांकडून पाठ आणि तळपाय पाहून घ्या. आणि नवी गाठ दिसली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात दाखवा.