गज नसलेली खिडकी

मुलांनो, आजचा शब्द आहे 'गज'. गज म्हणजे खिडकीला बसवलेली लोखंडी सळई. भारतात आजीच्या घरी गज धरून तुम्ही रस्ता पाहिला असेल. मग इथे अमेरिकेत आपल्या खिडक्यांना गज का नाहीत?

इथल्या अनेक वसाहतींत घरमालकांची संघटना असते. घराच्या बाहेरून दिसणारा बदल करायचा तर तिची लेखी परवानगी लागते. आमचा गजांचा अर्ज नामंजूर झाला, तेव्हा मी चिडलो. धाकटी म्हणाली, "बाबा, आग लागली तर मी कुठून बाहेर पडायचं?" मी गप्प झालो.

मग आतून करण्याजोगे उपाय शोधले:

१. सरकत्या खिडकीच्या खाचेत मापाने कापलेली काठी ठेवणे. सर्वांत स्वस्त.
२. काचेला आतून पारदर्शक फिल्म लावणे. काच फुटली तरी तुकडे धरून राहतात. चोराचा वेळ जातो. चकाकणारी फिल्म नको, ती बाहेरून दिसते.
३. चुंबकाचा सेन्सर. खिडकी सरकली की चुंबक दूर जातो आणि घंटा वाजते.

एक नियम मात्र पक्का: झोपायच्या खोलीची सुटकेची खिडकी आतून किल्लीशिवाय, हत्याराशिवाय उघडलीच पाहिजे. गज असले तर तेही तसेच सुटले पाहिजेत.

गृहपाठ: आपल्या खोलीतली काठी काढून खिडकी स्वतः उघडा. आईबाबांनी जवळ उभे राहावे. किती सेकंद लागले, ते एका मराठी वाक्यात लिहून आणा.