कासवांच्या गावात पाहुणे ठेवताना: काय करावे, काय टाळावे

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची अंडी राखायला घेतली. पुढे त्यातून कासव महोत्सव उभा राहिला आणि घराघरांत पाहुणे उतरू लागले. आता किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांतल्या पोरांना हेच करायचं आहे. जरूर करा. पण आधी कासव, मग पाहुणा.

करावे

• बुकिंग घेतानाच सांगा, पिल्लं दिसतीलच असं नाही. ऑलिव्ह रिडलेची अंडी फुटायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू किती तापते त्यावर मागेपुढे होतं. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलावी, तर कधी वळवळणारी पिल्लं, कधी नुसती वाळू. आधी सांगितलेलं असलं की पाहुणा कुरकुरत नाही. निदान कमी कुरकुरतो.

• पाहुणे पाळीने वाटा, दर सगळ्यांनी मिळून ठरवा. रस्त्याकडेच्या स्लॅबच्या घरालाच सगळे गेले, की वाडीत भांडण लागलंच म्हणून समजा.

• जेवण घरचंच ठेवा: आंबोळी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. पनीर बटर मसाला त्यांना पुण्यात मिळतो.

• कासवांचा हंगाम संपल्यावर काय, ते आत्ताच ठरवा. वेळासच्या शेजारी बाणकोटचा किल्ला आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. एकदा जाऊन बघून या.

• गाइड व्हायचं तर वाचा. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी हे जलदुर्ग २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेले. आता प्रश्न विचारणारे लोक येणार. ठाऊक नसेल तिथे ‘माहीत नाही’ म्हणा, भुयारांच्या गोष्टी रचू नका.

टाळावे

• फोटोसाठी पिल्लू हातात देणं. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला जीव आहे तो. शिवाय वाळूवरून पाण्यापर्यंत त्याचं त्यालाच चालू द्यायचं असतं.

• समुद्राच्या बाजूला दिव्यांची झगमग. पिल्लं उजेडाकडे चालतात. दिवा रस्त्यावर असेल तर रस्त्याकडे. रात्री अंडी घालायला येणारी मादीही उजेड बघून माघारी फिरते.

• वाळूवर गाड्या घालणं.

• लाइफ जॅकेटशिवाय होडी. ‘मला पोहता येतं’ म्हणणाऱ्यालाही घालायलाच लावा.

• आगाऊ रकमेच्या मोहाने अख्खा सीझन बाहेरच्या एजंटाला देणं. मग दरही तोच ठरवतो, आणि तुम्ही त्याच्या गाडीवर ड्रायव्हर.

• पोराने इन्स्टाग्राम सांभाळायचं आणि आईने पहाटेपासून वीस माणसांचं रांधायचं, ही वाटणी. मदतीला बाई लावा, भांडी तुम्ही घासा, आणि आईचा हिस्सा तिच्याच खात्यावर जमा करा.