सी ड्राइव्ह लाल झाली तर

अगं, सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की तू घाबरून आधी ‘फ्री पीसी क्लीनर’ शोधायला जाशील, मी ओळखते तुला. म्हणून हे आत्ताच ऐकून ठेव. जागा कुठे गेली ते नुसतं दाखवणारं साधन घे. आपणहून साफसफाई करतो म्हणणारं नको. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे तुझं तुलाच ठरवू दे.

फाइल शोधायला ‘एव्हरीथिंग’ घे. व्हॉइडटूल्सचं आहे, फुकट आहे, आणि नावातली चार अक्षरं टाइप होईपर्यंत यादी समोर येते. एवढा वेग कुठून येतो? विंडोजमधल्या एनटीएफएस डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबल नावाच्या एका तक्त्यात असते. एव्हरीथिंग एकेक फोल्डर उघडत बसत नाही, थेट तो तक्ता वाचतं. कुणाची किती जमीन हे शेतंशेतं न फिरता तलाठ्याच्या दप्तरात बघावं, तसं. 10 लाख फाइलींची यादी साधारण मिनिटभरात तयार होते आणि त्यासाठी मेमरी लागते 75 एमबीच्या आसपास. पेनड्राइव्ह बहुधा एनटीएफएसची नसते, तिथे हा वेग मिळत नाही.

एक मात्र नीट समजून घे. त्याची ही यादी नावांची आहे, फाइलीतल्या मजकुराची नाही. मजकुरातला शब्द हवा असेल तर विंडोजचाच शोध वापर आणि तुझे कामाचे फोल्डर त्याच्या इंडेक्समध्ये घाल. तरीही बाबांची जुनी कागदपत्रं त्यात सापडणार नाहीत. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत दिसायला मराठी असलं, तरी आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. ‘वारसनोंद’ शोधशील तर काहीच येणार नाही. त्यावर माझा उपाय साधा आहे: फाइलीचं नावच नीट देवनागरीत दे, पुढे वर्ष घाल. एव्हरीथिंगला देवनागरी नावं व्यवस्थित सापडतात.

आता जागेचं. घरच्या लॅपटॉपवर ‘विझट्री’ टाक. तेही तोच तक्ता वाचतं, म्हणून झटपट आहे. वैयक्तिक वापराला ते फुकट आहे, ऑफिसात मात्र परवाना विकत घ्यावा लागतो. ऑफिसच्या मशीनवर ‘विनडिरस्टॅट’ चालेल, ते मुक्तस्रोत आहे; जुनी आवृत्ती फार रेंगाळायची, नवी घे. दोन्हींत रंगीत चौकोनांचा नकाशा दिसतो, मोठा चौकोन म्हणजे मोठी फाइल. ही कल्पना मुळात याच अडचणीतून आली. 1990 मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत 14 जणांच्या सामायिक वापरातली 80 एमबीची डिस्क सारखी भरायची. ती कशाने भरते हे एका नजरेत कळावं म्हणून त्यांनी हा नकाशा शोधून काढला.

नकाशात मोठं दिसलं म्हणून लगेच डिलीट करू नकोस गं. विंडोज फोल्डरमधल्या ‘विनएसएक्सएस’ आणि ‘इन्स्टॉलर’ला हात लावायचा नाही. विनएसएक्सएस तर असतो त्याहून मोठा दिसू शकतो, कारण एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते. ‘विंडोज डॉट ओल्ड’ काढायचं असेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून काढ. आणि वनड्राइव्हची काळजी घे. क्लाउडवरच असलेली फाइल यादीत मोठी दिसली तरी डिस्कवर जवळपास जागा खात नाही. लॅपटॉपवरून ती काढलीस तर क्लाउडवरूनही जाते. लग्नाचे फोटो असे जायला नकोत.

साधन विश्वासाचंच घे म्हणून मी इतकी मागे का लागते, तेही सांगते. तो मास्टर फाइल टेबलचा तक्ता वाचायला या साधनांना ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते, म्हणजे तू त्यांच्या हाती अख्खं मशीन देतेस. 2017 मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या साधनाच्या 5.33 या आवृत्तीत हल्लेखोरांनी मूळ कंपनीकडेच घातक कोड घुसवला होता. सुमारे 22.7 लाख मशीनवर तो पोचला, आणि त्या फाइलवरची डिजिटल सही खरी होती. म्हणून सही बघच, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. मोजकी साधनं ठेव, निर्मात्याच्या मूळ साइटवरूनच घे, शोधयादीत वर झळकणाऱ्या जाहिरातींवरून कधीच नको. एव्हरीथिंगमध्ये नेटवर्कवरून यादी दाखवणारा सर्व्हर आहे. तो मुळात बंद असतो, बंदच राहू दे.

आज एव्हरीथिंग आणि विझट्री एवढी दोनच टाक. काही मोठं काढावंसं वाटलं तर आधी त्या नकाशाचा स्क्रीनशॉट मला पाठव, आपण फोनवर बोलून ठरवू.