रोटाव्हेटरचीं पातीं : केव्हां व कशीं बदलावीं

विळ्याची धार गेली तर ती पाजविल्याशिवाय आपला शेतकरी कापणीस उभा राहत नाहीं, आणि कुळवाची पास झिजली कीं ती लोहाराच्या भात्यापुढें जाते. ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. परंतु तोच शेतकरी ट्रॅक्टरमागें रोटाव्हेटर जोडल्यावर ही शिस्त विसरतो. याचें कारण उघड आहे. यंत्राचीं पातीं पत्र्याच्या आच्छादनाखालीं झांकलेलीं असतात, आणि ट्रॅक्टरच्या जोरामुळें बोथट पातेंही बराच काळ मातींत घुसत राहतें. झिजेचा भार बैलांच्या खांद्यावर पडला असता तर तो धन्यास लागलीच दिसला असता. येथें तो डिझेलवर, गिअरपेटीच्या दात्यांवर व बेअरिंगांवर गुपचूप पडत राहतो. यंत्राच्या सर्व अंगांत पातें हेंच सर्वांत स्वस्त अंग होय, व त्यावर केलेली काटकसर पुढें महाग अंगांच्या खर्चानें फेडावी लागते. सबब पातीं केव्हां व कशीं बदलावीं याचा विचार या पाठांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. पात्याचें काम

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत गिलगँड्रा येथें आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकरीपुत्रानें १९१२ सालीं आपल्या वडिलांच्या शेतावर इंजिनाच्या जोरानें फिरणाऱ्या अवजाराचे प्रयोग आरंभिले. प्रथम केलेल्या रचनेंत माती बाजूस फेकली जाई. पुढें त्यानें इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखीं वळविलेलीं पातीं लहान व्यासाच्या दांड्यावर बसविलीं, तेव्हां ही अडचण दूर झाली. व १९२० सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. म्हणजे या यंत्राचें मर्म आरंभापासून पात्याच्या आकारांतच आहे. तो आकार झिजून गेला कीं उरतें तें केवळ माती बडविणारें लोखंड.

आज आपल्याकडे चालणाऱ्या बहुतेक रोटाव्हेटरांत ट्रॅक्टरचा पी. टी. ओ. दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो व गिअरपेटींतून तो वेग कमी होऊन पात्यांचा दांडा सुमारें २०० फेरे घेतो. या दांड्यावर चकत्या असून मधल्या प्रत्येक चकतीवर बहुधा सहा पातीं असतात : तीन डावीकडे वळलेलीं व तीन उजवीकडे वळलेलीं.

आतां थोडा हिशेब करूं. ट्रॅक्टर तासास ३ किलोमीटर चालला तर मिनिटास ५० मीटर जातो. तेवढ्यांत दांड्याचे २०० फेरे होतात. म्हणजे एका फेऱ्यांत यंत्र २५ सेंटिमीटर पुढें सरकतें. एका बाजूस वळलेलीं तीन पातीं हें अंतर वांटून घेतात, व प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ८ सेंटिमीटर मातीचा घांस येतो. त्यांतील एक पातें तुटलें, तर त्याच्या मागून येणाऱ्या पात्यास एकदम १६ सेंटिमीटरांहून अधिक घांस घ्यावा लागतो. दुप्पट भाराखालीं तेंही लवकरच वांकतें किंवा तुटतें. “एक पातें गेलें आहे, एवढा हंगाम निघून जाईल,” असें म्हणणाऱ्यानें हा हिशेब ध्यानांत ठेवावा.

२. बदलण्याची वेळ कशी ओळखावी

पातें प्रथम वळणाच्या कोपऱ्यावर व आडव्या भागाच्या टोकाशीं झिजतें. मुरमाड व वाळूमिश्रित जमिनींत ही झीज भारी काळ्या जमिनीपेक्षां फार लवकर होते. अमुक एकर झाले म्हणजे पातीं बदलावीं असा एकच नियम सर्व जमिनींस लागू पडत नाहीं. डोळ्यांनीं पाहणें व मापणें हाच खरा मार्ग होय. आमची सूचना अशी कीं, नवा संच घेतांना एक डावें व एक उजवें पातें जादा घेऊन भिंतीस टांगून ठेवावें. दर महिन्यास यंत्राचें पातें त्याशीं ताडून पाहावें. आडवा भाग मूळच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशांहून कमी उरला, तर संच बदलण्याची तयारी करावी. निम्मा उरेपर्यंत वाट पाहूं नये. भेग गेलेलें, पिळवटलेलें किंवा बोल्टाचें भोंक लांबट झालेलें पातें तर दिसतांक्षणींच काढावें.

शेतांतही खुणा मिळतात. पूर्वीच्याच खोलीस इंजिन अधिक कण्हूं लागतें, मागें न कापलेले पट्टे राहतात, तण कापलें न जातां दांड्याभोंवतीं गुंडाळलें जातें, व सर्व यंत्र थरथरतें. पुष्कळजण अशा वेळीं खोली मिळावी म्हणून यंत्र आणखी खालीं सोडतात. ही मोठी चूक आहे; कारण मग चकत्या व खुद्द दांडाच मातींत घांसूं लागतो.

३. हात घालण्यापूर्वीं

येथें वाचकांनीं थोडें थांबावें, कारण या कलमांत पैशाचा नव्हे, तर हातापायांचा व जिवाचा प्रश्न आहे. पात्याचें टोक दांड्याभोंवतीं सुमारें ४८ सेंटिमीटर व्यासाचें वर्तुळ काढतें. तें मिनिटास २०० वेळां, म्हणजे तासास सुमारें १८ किलोमीटर वेगानें. पी. टी. ओ. बंद केल्यावरही दांडा कांहीं क्षण फिरत राहतो. म्हणून पुढील क्रम एकदांही मोडूं नये.

ट्रॅक्टर सपाट व कठीण जागीं उभा करावा. पी. टी. ओ. सोडवावा, इंजिन बंद करावें, हातब्रेक ओढावा व चाकांस पुढूनमागून दगड अथवा लांकडी ठोकळे लावावेत. ट्रॅक्टरची किल्ली पात्याखालीं हात घालणाऱ्याच्याच खिशांत असावी, दुसऱ्या कोणाच्याही हातीं नसावी. दांडा पूर्ण थांबल्यावर पी. टी. ओ. चा जोडदांडा ट्रॅक्टरपासून काढून ठेवावा.

यंत्र लिफ्टनें उचलून घ्यावयाचें असल्यास इंजिन बंद करण्यापूर्वींच उचलावें, व दोन्ही बाजूंच्या सांगाड्याखालीं जाड लांकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडे देऊन त्यांवर तें टेकवावें. त्या वेळीं यंत्राखालीं कोणीही नसावें. केवळ लिफ्टवर तोललेल्या यंत्राखालीं क्षणभरही जाऊं नये. तेलाची नळी फुटली, अथवा खेळणाऱ्या पोराचा लिफ्टच्या दांडीस धक्का लागला, तर तीन-चारशें किलो वजनाचें यंत्र सूचना न देतां खालीं येतें. मुलें दूर पाठवावींत. धोतराचा सोगा, पदर, उपरणें आवरून घ्यावें. हातांत जाड हातमोजे घालावे, व गंजलेला नट छिणीनें तोडतांना डोळ्यांवर चष्मा घालावा. कडक पोलादावर घण बसला कीं त्याची कपची गोळीसारखी उडते.

४. जुनें काढणें व नवें बसविणें

प्रथम माती व गुंडाळलेलें गवत काढून दांडा स्वच्छ करावा, व गंजलेल्या आट्यांवर आदल्या रात्रीं तेल सोडून ठेवावें. दांडा फिरूं नये म्हणून एका पात्यास लांकडी ओंडक्याची आड द्यावी.

पुढचा नियम सोपा, पण फार महत्त्वाचा आहे : एक काढावें, एक बसवावें, सर्व पातीं एकदम काढूं नयेत. चकत्यांवरील पातीं एका रांगेंत नसून दांड्याभोंवतीं वळसा घेत मागेंपुढें मांडलेलीं असतात, कीं ज्यायोगें सर्व पातीं एकाच क्षणीं मातीवर आदळूं नयेत. हा वळसा मोडला तर यंत्रास हिसके बसतात. एकेक पातें बदलल्यास जुन्याची जागा हीच नव्याची खूण होते. कामाआधीं खडूनें प्रत्येक चकतीस क्रमांक घालावा, म्हणजे घोटाळा राहत नाहीं.

डावें व उजवें पातें आरशांतील प्रतिमेसारखें असतें. ढिगांत टाकल्यास दोन्ही सारखींच भासतात. प्रत्येकाची धार फिरण्याच्या दिशेस पुढें असली पाहिजे. टोकांच्या चकत्यांवर बहुधा सर्व पातीं आंतल्या बाजूसच वळलेलीं असतात. एका शिवारांत आम्हीं असें यंत्र पाहिलें कीं, ज्याचीं चार पातीं उलट बसलीं होतीं व पाठीनें माती बडवीत होतीं. धन्यानें पंधरवडाभर जमिनीच्या कठीणपणास दोष दिला; चार पातीं फिरवून बसवितांच तीच जमीन मऊ झाली!

नवें व अर्धवट झिजलेलें पातें एकाच चकतीवर ठेवूं नये. नवें पातें लांब असल्यामुळें आधीं मातीस लागतें व सर्व भार त्याच्यावरच येतो. शिवाय वजनाचा तोल जाऊन बेअरिंग मार खातें. पूर्ण संच घेण्याची ऐपत त्या वेळीं नसल्यास एका चकतीचीं सहाही पातीं नवीं घालावींत, व तेथून निघालेलीं त्यांतल्या त्यांत बरीं पातीं तितक्याच झिजलेल्या दुसऱ्या चकतीवर तुटक्यांच्या जागीं वापरावींत.

५. नट व बोल्ट

नव्या पात्यांबरोबर नट, बोल्ट व स्प्रिंग वॉशर हेही नवेच घ्यावेत. बोल्टाच्या डोक्यावरील आंकडा वाचण्याची संवय प्रत्येकानें लावून घ्यावी. ८.८ असा आंकडा असलेला बोल्ट ताण सोसण्यांत ४.६ आंकड्याच्या साध्या बोल्टाच्या दुप्पट मजबूत असतो. आणि ज्याच्या डोक्यावर आंकडाच नाहीं तो बोल्ट येथें वापरूंच नये. मूळ बोल्ट १४ मिलिमीटरांचा असतां १२ मिलिमीटरांचा घालून काम भागवूं नये. तो भोंकांत हालतो व तें लांबट करतो. मग पातें नवें असूनही चकतीच निकामी होते, व चकती बदलणें हें घरीं होणारें काम नव्हे. बोल्टाचें डोकें पूर्वीं ज्या बाजूस होतें त्याच बाजूस ठेवावें. नट आवळण्याचें माप यंत्राच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. तें पाहून आवळावा. सर्व शक्तीनिशीं नळी लावून आवळल्यास आटे ताणले जातात, आणि सैल राहिल्यास पातें सुटून दूर फेकलें जातें.

६. तापवून सरळ करूं नये

वांकलेलें पातें भट्टींत घालून ठोकणें किंवा तुटलेल्यास वेल्डिंगचा तुकडा जोडणें ही आपल्याकडील फार दिवसांची खोड आहे. कुळवाच्या पासेस हा उपाय मानवतो; रोटाव्हेटरच्या पात्यास मानवत नाहीं. हें पातें कारखान्यांत ठराविक उष्णतेस तापवून, विझवून व पुन्हां बेतानें तापवून कणखर केलेलें असतें. भट्टींत लाल होतांच तें पाणी उतरतें. मग तें हळू थंड झालें तर मऊ होऊन वांकतें, व पाण्यांत विझविलें तर कांचेसारखें ठिसूळ होतें. वेल्डिंगच्या सांध्याशेजारीं हाच दोष राहतो. असा तुकडा फिरत्या दांड्यावरून सुटला तर तो कोठें जाईल याचा नेम नसतो.

७. चांचणी व निगा

काम संपल्यावर पाने व हातोडे मोजून परत ठेवावेत, आड दिलेला ओंडका काढावा, आणि दांडा हातानें एक पूर्ण फेरा फिरवून कोठें घांसत नाहीं ना हें पाहावें. मागची झडप खालीं सोडून, सर्वांस दूर उभें करून, यंत्र जमिनीलगत धरून मंद गतीनें चालवावें. तासभर काम झाल्यावर पुन्हां पूर्वीच्याच क्रमानें इंजिन बंद करून, किल्ली खिशांत घालून व यंत्र ठोकळ्यांवर टेकवून सर्व नट तपासावेत. नवे नट पहिल्या तासांतच सैल पडतात.

पातीं अधिक दिवस टिकावीं असें वाटत असेल, तर शेतांतील दगडधोंडे आधीं वेचावेत, बांधाशीं वळतांना यंत्र मातींतून वर घ्यावें, व वाफसा आल्याविना यंत्र शेतांत घालूं नये. यंत्र खोल जावें म्हणून त्यावर माणूस बसविण्याची चाल तर सर्वस्वीं सोडावी.

हें सर्व काम मृगापूर्वींच्या सवडींत, छपराखालीं व उजेडांत उरकावें. पेरणीची घाई, डोक्यावर आलेलें आभाळ व भाड्याच्या ट्रॅक्टरचा चालू असलेला तास, अशा वेळीं माणूस किल्ली काढण्याचेंही विसरतो, आणि त्या विसरीची किंमत कोणत्याही संचाच्या किंमतीनें भरून येत नाहीं. पातें बाजारांत मिळतें. हात मिळत नाहीं, एवढें आपल्या गड्यांसही समजावून सांगावें, हीच आमची विनंती आहे.