वजन किती, त्याआधी वजन कशाचं

आमच्या घरात सगळ्यांचीच अंगकाठी बारीक. कामशेतच्या बाजारात ओळखीचं माणूस भेटलं की ‘खातोस की नाही रे?’ हा प्रश्न ठरलेला. आता चाळिशी ओलांडली आहे, अंगात ताकद आहे, आणि गावातली सडपातळ पोरं मला विचारतात, “दादा, अंग कसं भरायचं?” त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

१. आधी खरंच कमी वजन आहे का, ते बघा.
किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा बीएमआय. तो १८.५ च्या खाली असेल तर वजन कमी. वरची मर्यादा जगभर २५ धरतात, आपल्या भारतीयांसाठी मात्र २३. म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला साधारण साडेत्रेपन्न ते साडेसहासष्ट किलो वजन योग्य. एवढ्यात बसत असाल तर लोकांच्या बोलण्याने खचू नका.

२. बारीक आहे म्हणून निर्धास्तही राहू नका.
पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापं दिली. दोघांचाही बीएमआय २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या फक्त ९.१. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यासही याज्ञिकांच्या गटाने केला. बाळं लहान चणीची, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूच ओढून घेतात. म्हणून आपल्यासारख्यांनी स्नायू कमवायचे ते मधुमेह लांब ठेवण्यासाठी. शर्टाच्या बाह्या भरल्या तर चांगलंच, पण ते नंतरचं.

३. काट्याबरोबर टेप ठेवा.
शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८० च्या आत. दंड आणि मांडीचं मापही महिन्यातून एकदा वहीत लिहा. दंड-मांडी वाढते आणि कंबर तिथेच राहते, तेव्हा वजन योग्य जागी चढतंय. नुसती कंबर वाढली तर ती चरबी.

४. डोंगराने दम वाढतो, स्नायूंना वाढतं ओझं लागतं.
लोहगड, राजमाची आमच्या पायाखालचे. आषाढात भातलावणीला दिवसभर खाचरात वाकून राहायचं. याने माणूस काटक होतो, पण अंग भरत नाही. रोजचं काम तेवढंच असलं की स्नायूही तेवढ्यावरच थांबतात.
लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था उभारणारे स्वामी कुवलयानंद आधी बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले होते. योगाला अशी व्यायामाची जोड मीही देतो. आसनं रोज करतो, पाठीला आणि श्वासाला ती मानवतात. खांदे-मांड्या भरण्यासाठी मात्र वजन उचलतो.
जिम नसेल तर तांदळाचं पोतं घ्या. पावलांत खांद्यांएवढं अंतर, पोतं नडग्यांना चिकटून, पाठ ताठ, टाचा जमिनीवर दाबून मांड्यांच्या जोरावर उठायचं. दहा-बारा वेळा सहज जमायला लागलं की पोत्यात दोन पायल्या आणखी टाका. जोर आणि बैठकांचंही तसंच. सोपे झाले की पाय उंचावर ठेवून जोर मारा, पाठीवर ओझं घेऊन बैठका काढा. आठवड्यातून तीन दिवस पुरेत, मधले दिवस विश्रांतीचे.

५. ताटात भात आहेच, प्रथिनं वाढवा.
वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी तांदूळ आमचा जीव की प्राण. वजन वाढवायला तो हवाच, पण भात आणि पातळ आमटीवर स्नायू बनत नाहीत. किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं ही रोजची साधी गरज. वजन उचलणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात, अर्धा लिटर दुधात सोळा. मटकी, चवळी, पावटा रोज असू द्या, आणि खाणाऱ्यांनी पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे सोडू नयेत. एकदम जेवण जात नसेल तर दिवसातून पाच वेळा खा.

६. घाई नको, झोप हवी.
महिन्याला किलोभर वाढ पुष्कळ झाली. त्याहून भरभर चढलेलं वजन बहुतेक पोटावर बसतं. रात्री सात-आठ तास झोप झाली नाही तर व्यायाम आणि खाणं दोन्ही अंगी लागत नाहीत.

७. उतरणाऱ्या वजनाकडे डोळेझाक करू नका.
जन्मापासून बारीक असणं वेगळं आणि काही न करता वजन घटणं वेगळं. सहा महिन्यांत साठाचे सत्तावन्न झाले तर डॉक्टर गाठा. थायरॉइड, साखर, क्षयरोग, सगळं तपासून घ्या.

८. ताकदीची तुलना स्वतःशीच करा.
कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं, ते ५७ किलो वजनगटात. लहान चणीने त्यांचं काही अडलं नाही. म्हणून घरातल्या मोठ्यांना माझी विनंती आहे. बारीक मुलाला ‘काडी पैलवान’ म्हणू नका. गेल्या महिन्यापेक्षा जास्त काय उचललंस, आज ताटात काय होतं आणि झोप झाली का, एवढं रोज विचारा. त्याचं अंग एवढ्यानेच घडेल.